फक्त कायतानसाठी

यंत्राला श्रद्धा नसते, भीती नसते आणि मालक नसतो. त्याला फक्त कारणं असतात. हे वाक्य मी मालवणातल्या माझ्या दुकानात, काउंटरच्या वरच्या भिंतीवर, चांगल्या सागवानी चौकटीत लावलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली माझा सर्व्हर असतो. दर दसऱ्याला मी त्याला झेंडूचा हार घालतो. यंदा तो दोन दिवस बंद पडला, कारण पंख्यात पाकळ्या गेल्या होत्या. म्हणजे कारण होतंच. चौकट अजून जागेवर आहे.

त्याच आठवड्यात रिशेल लुद्रिकचा इंग्लंडमधल्या स्विंडनहून फोन आला. तिच्या आईचं, इझाबेलबायचं, घर देवबागला. घरात कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात आई. रिशेल तिकडे गोदामात रात्रपाळी करते आणि मधल्या सुट्टीत फोनवर आईकडे बघते.

"बाबू अंकल, वीज गेली की नेट जातं, हे कळतं," ती म्हणाली. "पण वीज येते, कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, तरी नेट लागत नाही. मग सकाळी सहा दहाला एकदम लागतं. रोज. असं कसं?"

"सेटिंग असेल कुठलं तरी."

"ऑगस्टमध्ये मम्मी न्हाणीत पडली. चार तास तशीच होती. मला इथे काळा पडदा. महिनाअखेरपर्यंत कॅमेरा चोवीस तास दिसला नाही, तर मी तिला म्हापशाच्या वृद्धाश्रमात ठेवणार. नाव घातलंय मी."

"बायना माहीत आहे?"

"माहीत आहे. बोलत नाही ती माझ्याशी त्यावर."

मी स्कूटर काढली.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये जेमतेम माणसांपुरती वाळू. परतीच्या पावसात तिथे रोज संध्याकाळी गडगडतं आणि रात्री केव्हा तरी वीज जाते. लुद्रिकांचं घर खाडीच्या बाजूला आहे. दारात क्रूस, क्रूसापुढे तुळशीएवढंच निगुतीने सारवलेलं अंगण. रिशेलचे वडील, कायतान लुद्रिक, हे माझे मास्तर. आठवी ते दहावी गणित. फेब्रुवारीत वारले. त्यांच्या हातची छडी माझ्या तळव्याला इतकी ओळखीची होती, की त्यांच्या मयताला मी दोन्ही हात खिशात ठेवून उभा होतो.

त्या घरात लिनक्स मीच घातलं होतं, सहा वर्षांपूर्वी. मास्तरांना ते आवडलं, कारण ते प्रत्येक गोष्टीला परवानगी विचारतं. बाकी घरांत नेट भिंतीवरच्या डबीतून सगळ्यांना मिळतं. मास्तरांनी तसं होऊ दिलं नाही. तार त्यांच्या कॉम्प्युटरात येणार आणि तिथून घराला नेट मिळणार. मास्तर बसल्याशिवाय त्या घरात काहीच सुरू होत नसे. चहा, जेवण, रेडिओ. संध्याकाळची तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थनासुद्धा. रोझरीचा पहिला शब्द घरच्या कर्त्याने उच्चारायचा ही तिथल्या किरिस्तांवांची रीतच आहे. मास्तरांनी ती रीत चहाच्या कपापर्यंत नेली होती, एवढंच.

इझाबेलबाय पडवीत तिरफळं निवडत बसली होती. सत्तरीची, काटकुळी, नजर तिरफळांसारखीच.

"इलंस? रिशेलीन धाडल्यान मा तुका?"

"व्हय बाय. नेट बघतंय."

"बघ. बघूक काय जाता. लावतलो तो."

"कोण?"

तिने पुढचं तिरफळ उचललं. शेजारची फ्लाव्हिया गडग्यावरून वाकून ऐकत होती. तिचा होमस्टे आहे आणि दुसऱ्याच्या घरातला आवाज तिला स्वतःच्या घरातल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतो. "शिकलंलो माणूस असो हात हलवीत येता काय रे? पिशवी हाडलंस नाय? का मास्तराच्या खुर्चेक भिऊन धावतलंस?"

वेताची खुर्ची कॉम्प्युटरसमोर होती. मी स्टूल ओढून घेतलं.

रीतसर सुरुवात केली. तार ठीक. मोडेम ठीक. नेटवर्क सांभाळणारी सेवा यंत्राबरोबर सुरू होत होती. कनेक्शनपुढे 'आपोआप जोडा' या खुणेवर टिक होती. इथपर्यंत यंत्राची बाजू निर्मळ होती. मग त्याखालची दुसरी खूण दिसली: 'सर्व वापरकर्त्यांसाठी'. ती कोरी होती. परवानगीच्या रकान्यात एकच नाव होतं. कायतान.

हे मी हजार ठिकाणी पाहिलं आहे. अशा कनेक्शनचा पासवर्डही त्या माणसाच्याच खात्याच्या कुलपात असतो. तो माणूस स्वतः येऊन, बसून, लॉगिन करीपर्यंत यंत्र ताटकळतं. नेट लागत नाही, ते बरोबरच होतं.

मी समाधानाने मान हलवली आणि ती अर्ध्यावर थांबली. नेट लागत नाही याचं कारण मिळालं होतं. ते सहा दहाला लागतं कसं, याचं नव्हतं.

"बाय, सकाळी तुम्ही पासवर्ड घालता?"

"माका म्हायत आसा तो पासवर्ड? अडतीस वर्षां माका कपाटाची चावी गावली नाय, पासवर्ड गावतलो?"

यंत्र आपल्या दारात आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतं. मी लॉग उघडला. फेब्रुवारीपासून रोज सकाळी तीन ओळी. सहा वाजून नऊ मिनिटांनी कायतान, पासवर्ड चूक. वीस-पंचवीस सेकंदांनी परत चूक. सहा दहाच्या आसपास बरोबर. कधी अठरा सेकंदांचं अंतर, कधी एकतीस.

कुणीतरी लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम असेल, असं मला वाटत होतं; पण प्रोग्राम मास्तरांसारखा चष्मा शोधत दोनदा चुकत नाही. तरी मी तो शोधला. नव्हता. बाहेरून कोणी आत येतं का पाहिलं. येत नव्हतं. नोंदीत स्पष्ट होतं: याच टेबलावरून, याच कीबोर्डवरून. मी कीबोर्ड काढून स्कूटरच्या डिकीत टाकला आणि मालवणला आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच लॉग पाहिला. सहा नऊ, चूक. चूक. सहा दहा, बरोबर. कीबोर्ड माझ्या पुढ्यात, काउंटरवर होता.

तिसऱ्या दिवशी पावणेसहाला मी देवबागला पोहोचलो. उजाडत होतं. खाडीवर पात नावाच्या लहान होडीतले दोघे जाळं ओढत होते. इझाबेलबाय शेगडीपाशी उभी होती. गॅस पेटलेला, वर दूध. मी पडवीच्या दारात स्टुलावर बसलो, तिथून खुर्ची आणि कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही दिसत.

"चाय घेतलं असतंय बाय."

"वाईच थांब."

आच चांगली मोठी होती. मी सवयीने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दुधावर साय धरली नाही, कडेला बुडबुडा आला नाही. मी बोट घातलं. दूध गार होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "घालू नको बोटां. तेका आवडणा नाय."

फ्रिजचा आवाज येत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एका जागी थरथरत होता. अंगणातला कोंबडा क्रूसाच्या चौथऱ्यावर मान वर करून, चोच उघडून उभा होता.

सहा नऊला खोबरेल तेलाचा आणि लाल शाईचा वास आला.

खुर्चीचं वेत करकरलं. जसं माणूस आधी एका कुल्ल्यावर बसतो आणि मग दुसरा टेकवतो, तसं. दोनदा.

पडद्यावर पासवर्डच्या चौकटीत टिंबं उमटली. चूक. उमटली. चूक. मी तळवे काखेत घेतले, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्यांदा पडदा उजळला. मोडेमवर हिरवा दिवा लागला. फ्रिज गुरगुरला, कोंबडा आरवला आणि दूध भसकन उतू गेलं.

"आता घे चाय," इझाबेलबाय म्हणाली आणि फडकं घेऊन ओटा पुसू लागली. "आठ महिने असाच चल्लाहा. मेलो तेव्हा माका वाटला, आता सकाळी पाचाक उठान चाय घेईन. माझ्या हातान. पाचाक उठतंय, पण चाय खंय जाता?"

"रिशेलला सांगितलंत?"

"सांगलंय तर उद्याच म्हापशाक नेतली. खुळावली म्हणतली. बाबू, ह्या घरात माका रवाचा आसा. कॅमेरो लाव, पण तेका काढ. तुका जमता काय?"

मला जमत होतं. सोपं होतं. सोबत आणलेला कीबोर्ड जोडला, 'सर्व वापरकर्त्यांसाठी' वर टिक केली, पासवर्ड यंत्राच्या स्वतःच्या कुलपात टाकला, मास्तरांचं खातं पुसून टाकलं. यंत्र बंद करून परत चालू केलं. अकराव्या सेकंदाला नेट लागलं, कोणाची वाट न बघता. मास्तरांच्या खुर्चीकडे पाहून मी खाकरलो. आठवीनंतर पहिल्यांदाच मला एक गणित त्यांच्याआधी सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिशेलचा मेसेज आला. अंगठा, फूल आणि 'रात्रभर दिसलं'. लॉगमध्ये सहा नऊपासून ओळी होत्या: कायतान, असा वापरकर्ता नाही. एकेचाळीस वेळा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद. तिसऱ्या दिवशी सहाशे बारा, आणि शेवटी शेवटी मधली अंतरं दोन-दोन सेकंदांवर आली होती. म्हणजे चष्मा सापडला होता.

त्या तिसऱ्या दिवशी रिशेलचा मेसेज वेगळा होता. 'मम्मी साडेदहापर्यंत उठली नाही. डोळे उघडे होते. मी बघत होते. बरी आहे का ती?' पाठोपाठ फ्लाव्हियाचा फोन. "मेल्या, काय करून गेलंस रे? गॅस पेटाना, पंप चलाना, बाय खाटीर लाकडासारखी. आमच्या घरात सगळा बरा, हेंच्याच घरात शिमगो!"

मी गेलो. इझाबेलबाय उठून बसली होती. मनगटं चोळत होती.

"पयल्या दिसा साडेसाताक उठलंय. काल नवाक. आज साडेधाक. डोळे उघडतंत, कानार आयकाक येता, पण हात हालना. तो थय आपटता, बसाक गावना म्हणान." तिने टेबलाकडे हनुवटी केली. "तो बसाच्या आधी काय सुरू करूचा नाय, असो हुकूम होतो. अडतीस वर्षांची सवय हाडांक लागली, काय करतलंय?"

मी तिला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गुडघ्यावर हातोडी मारली, बी बाराच्या गोळ्या दिल्या. कारण होतंच.

परतीच्या वाटेवर रिक्षात मी म्हणालो, "बाय, खातं परत घालतंय. पूर्वीसारखा होऊंदे. सहा दहाक तरी सगळा सुरू होतला. उद्या बारा वाजले, परवा..."

"परवा उठाचंय नाय. म्हायत आसा माका."

"मग?"

"घालू नको."

रिक्षा तारकर्लीच्या सुरूच्या बनाजवळ आली, तेव्हा ती परत बोलली. "आमच्याकडे तेर्स कोण सुरू करता?"

"घरचो कर्तो."

"कर्तो कोण? ज्येचा नाव आसता तो. तुझ्या त्या पेटयेत कोणाचा नाव आसा आता?"

"कोणाचाच नाय. सगळ्यांसाठी केलंय."

"सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाय, तूच म्हणालंस. म्हणान तर तो आपटता. रिकामी खुर्ची बघता." ती माझ्याकडे वळली. "माझ्या नावार कर."

मी तिला समजावलं की कनेक्शन एकाच माणसाच्या नावावर असणं, हीच तर ती चूक. हीच दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. ती परत केली तर रात्री वीज गेल्यावर कॅमेरा बंद, आणि कॅमेरा बंद म्हणजे म्हापसा.

"म्हापशाक माका जितां न्हेवक व्हया मा? आधी जितां रवंदे."

मी नवं खातं उघडलं. इझाबेल. परवानगीच्या रकान्यात तेच एक नाव. पासवर्ड तिने घातला, मला भिंतीकडे तोंड करायला लावून. एका बोटाने, एकेक कळ. सहा वर्षांत ती त्या टेबलाजवळ फक्त झाडू घेऊन गेली होती.

"पण सकाळी हात हालले नाय तर बसशात कशा?"

"खाटीर निजतंय कोण? खुर्चेत निजतंय."

संध्याकाळी फ्लाव्हिया तेर्सला आली. आठ महिने पहिला शब्द तीच उच्चारत होती, कारण इझाबेलबायच्या घशातून तो निघत नसे. त्या दिवशीही निघाला नाही. फ्लाव्हियाने सुरू केली, संपवली आणि जाताना मला म्हणाली, "सकाळी ये. आणि ते हात खिशात घालून उभो रवा नको."

रात्री गडगडलं. वीज गेली, आली. साडेपाचला मी पोहोचलो, तेव्हा फ्लाव्हिया दारात उभी होती आणि आत जात नव्हती.

इझाबेलबाय वेताच्या खुर्चीत होती. पाठ ताठ. दोन्ही हात कीबोर्डवर. डोळे उघडे.

"बाय?"

पापणी हलली नाही. पडद्यावर नावाची चौकट रिकामी, मोडेमवर तांबडा दिवा.

मी घड्याळ पाहणं सोडून दिलं. घड्याळ चालत नव्हतं.

मग वास आला.

खुर्ची करकरली. इझाबेलबायचं सगळं अंग एकदम पुढे रेटलं गेलं, जसं मागून कोणीतरी बाकावर जागा करून घेतं. तिची छाती टेबलाच्या कडेला लागली. ती खुर्चीतून उठली नाही. उठता येत नव्हतं, हे त्या वेळी तिच्या बाजूने होतं.

नावाच्या चौकटीत मास्तरांच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं.

कोणी कळ दाबली नव्हती.

दुसरं. तिसरं.

मी पुढे झालो. कोणत्या कामासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या उजव्या तळव्यावर सपकन आग झाली. मी जिथे होतो तिथेच थांबलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, हात पाठीमागे लपवून.

इझाबेलबायचं उजवं बोट हललं.

फक्त ते एक. खोडण्याच्या कळेवर होतं.

तिसरं अक्षर गेलं. परत आलं. परत गेलं. दुसरं गेलं.

टेबल थडथडत होतं. कपाटाची दारं आतून कोणी ढकलावीत तशी आदळत होती. फ्लाव्हिया दारातून ओरडली, "घाल गो! तुझा नाव घाल! कोणाक भितंस?"

पहिलं अक्षर गेलं.

चौकट रिकामी झाली. तिथे 'इ' आला.

एका बोटाने, एकेक कळ.

तिचा पासवर्ड पहिल्याच खेपेला बरोबर आला.

हिरवा दिवा लागला. फ्रिज गुरगुरला. इझाबेलबायने खांदे सोडले, मान इकडेतिकडे मोडली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. कीबोर्डकडे बघतच तिने तेर्सचा पहिला शब्द उच्चारला. सकाळी सव्वासहाला, भलत्याच वेळी. फ्लाव्हियाने दारातच गुडघे टेकले आणि दुसरा म्हटला. चहा मी केला. पाणी दोन मिनिटांत उकळलं.

राहिला प्रश्न रात्री वीज जाण्याचा. तो रिशेलने स्विंडनहून एका ओळीत सोडवला: कॉम्प्युटरला बॅटरी लावा, म्हणजे तो बंदच पडणार नाही. हे पहिल्याच दिवशी का नाही केलं, असंही तिने विचारलं होतं. बॅटरी बसवली, मोडेम आणि कॅमेराही तिच्यावरच जोडले. नेट त्यानंतर एकदाही गेलं नाही. लॉगमध्ये कायतान या नावाची एकही नोंद नाही. आश्रमातलं नाव रिशेलने काढून घेतलं.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला.

'बाबू अंकल, तुम्ही रोज सकाळी मम्मीकडे जाता ते बघून फार बरं वाटतं. फक्त एक. तुम्ही खुर्चीच्या इतके जवळ उभे राहता, की तुमच्या पाठीमुळे ती चहा घेताना दिसतच नाही.'

तीन आठवडे मी देवबागला गेलेलो नव्हतो. मी इझाबेलबायला फोन लावला. मागे कपबशीचा आवाज येत होता.

"बाय, सकाळी कोण येता तुमच्याकडे?"

"कोण येतलो?" तिने घोट घेतला. "बसाक देवक नाय मी तेका. उभो रवता."

 मी कॅमेरा दीड वीत डावीकडे सरकवायला सांगितलं. तिने सरकवला. आता दिसते, असं रिशेलने कळवलं आहे.